आम्ही पाहिलेले जपान : प्रवासवर्णनातील सोबत्याचा शोध

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद करता येत नाही. आमच्या कोल्हापुरात तर ‘आपण’ म्हणजे कधी कधी नुसता ‘मी’ही असतो, ‘आपण नाही येणार’ असे एकटा माणूस ठणकावून सांगतो. गेली काही वर्षे मी प्रवासलेख वाचताना या दोन शब्दांखाली पेन्सिलीने खुणा करतो आहे. ‘आम्ही’ कुठे येतो, ‘आपण’ कुठे येतो आणि त्या दोहोंत लेखकाचे सोबती कुठे जातात, एवढाच या लेखाचा विषय.

त्यासाठी मी एकच मर्यादित साहित्य घेतले : मित्रमंडळींनी मिळून केलेल्या जपान-सहलींचे मराठी लेख. दिवाळी अंक, वाचनालयांची वार्षिके, पदरमोड करून छापलेल्या पुस्तिका यांत असे लेख आता पुष्कळ येतात. कोणाचे नाव घेत नाही, कारण दोष एखाद्या लेखकाचा नसून पडलेल्या वळणाचा आहे. लेखाचा साचा साधारण ठरलेला असतो. विमानतळ, वेळेवर सुटणारी गाडी, चकचकीत रस्ते, शाकाहारी जेवणाची शोधाशोध, फुजी दिसला किंवा ढगाआड राहिला, क्योतोची देवळे, हिरोशिमात पाणावलेले डोळे. बरोबरचे चार-सहा मित्र पहिल्या परिच्छेदात नावानिशी भेटतात आणि मग एखादा विनोदापुरता डोके वर काढतो : छत्री विसरणारा, घोरणारा, दर दुकानात भावाची घासाघीस करू पाहणारा. बाकी सारे ‘आम्ही’मध्ये विरघळून जातात. आम्ही पाहिले, आम्ही थक्क झालो, आम्ही नतमस्तक झालो. सहा माणसे एकाच क्षणी एकाच गोष्टीने थक्क झाली, यावर वाचकाने विश्वास ठेवायचा.

पेन्सिलीच्या खुणांनी दाखवलेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. या लेखांत ‘आपण’ जवळजवळ एकाच ठिकाणी येतो. स्वच्छता, शिस्त, रांग यांचे वर्णन संपले की लेखक वळतो आणि म्हणतो, आपण भारतीय मात्र कधी सुधारणार? म्हणजे पाहण्याच्या आनंदात वाचक नाही. तो ‘आम्ही’चा मामला आहे. वाचकाला आत घेतले जाते ते फक्त दोषाचे वाटेकरी होण्यासाठी. सर्वनामांची ही वाटणी व्याकरणाने केलेली नाही, लेखकाच्या भूमिकेने केली आहे. आणि ही भूमिका निर्वेध चालते, कारण तिला लेखातच टोकणारे कोणी शिल्लक नसते. टोकू शकला असता तो मित्र ‘आम्ही’त बुडालेला असतो.

मराठी प्रवासलेखन मुळात असे नव्हते. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते काकांना बरोबर घेऊन. काका-पुतणे झाशीच्या वेढ्यात सापडले. बऱ्याच वर्षांनी लिहिलेला आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलेला ‘माझा प्रवास’ आजही जिवंत वाटतो, याचे एक कारण ही जोडी आहे. शीर्षकात ‘माझा’ असला तरी त्यातल्या भीतीला आणि विवंचनेला दोन माणसांचे वजन आहे.

जपानपुरते पाहिले तर दोन पुस्तके समोर येतात : प्रभाकर पाध्यांचे ‘तोकोनोमा’ (१९६१) आणि पु. ल. देशपांड्यांचे ‘पूर्वरंग’ (१९६३). तोकोनोमा म्हणजे जपानी खोलीतला तो कोनाडा, जिथे एखादे चित्र आणि एखादी पुष्परचना एवढेच मांडतात. पुस्तकाला हे नाव देणे हीच एक टीका आहे. वीस स्थळांच्या यादीला दिलेले ते उत्तर आहे. पुलंच्या प्रवासवर्णनांत सुनीताबाई सोबत असतात आणि पुलं विनोदाचे लक्ष्य बहुधा स्वतःलाच करतात. सोबतीण ही त्यांच्या ‘मी’ला जमिनीवर ठेवणारी व्यक्ती असते. तरीही तिथे सुनीताबाई दिसतात त्या पुलंच्या लेखणीतून. त्यांची स्वतःची लेखणी ‘आहे मनोहर तरी’मधून १९९० साली वाचकांपुढे आली. ते प्रवासवर्णन नव्हे, आत्मपर लेखन आहे; पण त्याने जे केले ते आपल्या मुद्द्याला लागू पडते. एकाच सहजीवनाची दुसरी साक्ष नोंदवली गेली आणि वाचकांना पहिली साक्ष नव्याने वाचावी लागली. त्या वेळी अनेकांना त्याचा राग आला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सोबत्याची साक्ष सोयीची नसते.

ज्या देशाबद्दल हे लेख लिहिले जातात, त्या देशाच्या साहित्यात सोबत्याला काय स्थान आहे, हेही पाहायला हवे. १६८९ साली, म्हणजे आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, कवी बाशो एदोहून उत्तरेच्या प्रवासाला निघाला. बरोबर सोरा नावाचा शिष्य-मित्र होता. या प्रवासाचे ‘ओकु नो होसोमिची’ हे पुस्तक बाशोच्या मृत्यूनंतर, १७०२ साली छापले गेले. वाटेत शिओगामा बंदरातून होडीने ते मात्सुशिमाला गेले. शेकडो लहान बेटांचा हा उपसागर जपानच्या तीन सर्वश्रेष्ठ देखाव्यांपैकी एक मानला जातो. तिथे पोहोचल्यावर हा सर्वांत मोठा कवी गद्यात भरभरून लिहितो, पण पुस्तकात स्वतःचे हायकू देत नाही. हायकू येते ते सोराचे. आपण झोपायचा प्रयत्न केला आणि झोप आली नाही, एवढेच बाशो सांगतो. पुढे लोकांना हे मौन सोसवले नाही. नुसते मात्सुशिमाचे नाव घोळवणारे एक हायकू बाशोच्या नावावर खपू लागले. ते त्याचे नाही.

या जोडीची दुसरी बाजू १९४३ साली उघड झाली. त्या वर्षी सोराची रोजनिशी प्रकाशित झाली आणि बाशोने क्रम बदलले, प्रसंग रचले, हे अभ्यासकांना तारीखवार कळले. समुद्रकाठच्या इचिबुरी गावी धर्मशाळेत दोन गणिका भेटल्याचा सुंदर प्रसंग बाशोने लिहिला आहे. त्यावरचे हायकू सोराला सांगितले आणि त्याने ते टिपून ठेवले, असेही तो म्हणतो. सोराच्या रोजनिशीत त्याचा मागमूस नाही. म्हणून बाशो लहान झाला का? उलट त्याने काय रचले आणि कशासाठी रचले हे विचारता येऊ लागले. दुसरी साक्ष असल्याशिवाय हा प्रश्नच उभा राहत नाही.

हाच धागा मी छोट्या प्रमाणावर तपासून पाहिला. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे कोल्हापूरचे मित्र जपानला गेलो होतो. तोक्योपासून रेल्वेने तासाभरावर कामाकुरा हे समुद्रकाठचे शहर आहे. १३३३पर्यंत लष्करी राजवटीचे केंद्र होते. एक पूर्ण दिवस आम्ही तिथे हिंडलो. परतल्यावर मी तिघांना विनंती केली : एकमेकांना न विचारता त्या दिवसाबद्दल एकेक पान लिहून द्या. मीही लिहिले.

पहिला मित्र उद्यमनगरात फाउंड्री चालवतो. त्याच्या पानावर महाबुद्धाची काशाची मूर्ती होती, पण भक्तिभाव नव्हता. सुमारे ११.३ मीटर उंच, १२१ टन वजनाची ही मूर्ती १२५२ सालापासून थराथराने ओतली गेली. ती आतून पोकळ आहे आणि आत जाता येते. बाहेरून न जाणवणारे थरांचे सांधे त्याने आत पाहिले. १९६०-६१च्या दुरुस्तीत मान आतून मजबूत केली, त्याचीही नोंद त्याने केली.

दुसरा शाहूपुरीतला गुळाचा अडत्या. त्याने झेनीआराई बेंतेन या देवस्थानावर लिहिले. बोगद्यातून आत गेल्यावर गुहेत झरा आहे. लोक टोपलीत नाणी-नोटा ठेवून त्या पाण्यात धुतात, पैसा वाढतो म्हणून. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती. त्याने लिहिले : आमच्या अंबाबाईच्या देवळात महासरस्वती बाजूच्या गाभाऱ्यात असते आणि पैशाचे खाते लक्ष्मीकडे. इथे रोकड सरस्वतीने सांभाळलेली बघून बरे वाटले.

तिसरा निवृत्त इतिहास शिक्षक. त्याच्या पानावर बुद्धाची मूर्ती दोन ओळींत संपते आणि आवारातल्या एका स्मारकशिलेवर सारे पान खर्च होते. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत श्रीलंकेचे जयवर्धने यांनी बुद्धवचनाचा आधार घेऊन जपानकडून नुकसानभरपाई घेणार नाही असे सांगितले, त्याचे हे १९९१ सालचे स्मारक. भारत त्या परिषदेला गेला नव्हता, पण १९५२च्या स्वतंत्र तहात भारतानेही भरपाई सोडली, ही जोड त्याने दिली.

माझे पान मूर्तीवरच्या आकाशाबद्दल होते. एके काळी या बुद्धावर मंडप होता. वादळांनी आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, १४९८च्या त्सुनामीने तो नेला. तेव्हापासून मूर्ती उघड्यावर आहे. समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. मी लिहिले होते की एवढे सोसूनही तो चेहरा पूर्ण शांत आहे. फाउंड्रीवाल्याने ते वाचून शेजारी लिहिले, “गड्या, शांत आहे खरं, पण मान आतनं धरलीय. तेबी लिही की.”

त्याच्या या एका शेऱ्याने माझे वाक्य खोटे ठरत नाही. त्याला आतली बाजू मिळते. चार पाने मिळून जो कामाकुरा उभा राहतो त्यात धातू आहे, बाजार आहे, युद्धोत्तर राजकारण आहे, समुद्र आहे. ‘आम्ही भव्य बुद्धमूर्ती पाहून नतमस्तक झालो’ या वाक्यात यातले काहीच नाही. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. ‘आपण भारतीय’ हे शब्द चौघांच्याही पानांवर नव्हते. जो आपल्या धंद्याच्या, अभ्यासाच्या डोळ्याने पाहतो त्याला तुलना सुचते ती नेमकी : सरस्वती आणि लक्ष्मीची, १९५१ आणि १९५२ची. सरसकट लाज वाटायला आधी सरसकट पाहावे लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रवासवर्णन हे एका लेखकाचे असते. ते मंडळाचे इतिवृत्त झाले तर शैली कुठे राहणार? पण बाशोने पुस्तक सोराला लिहायला दिले नव्हते. ज्या एका जागी मित्राचे शब्द अधिक योग्य वाटले तिथे ते नावानिशी ठेवले, इतकेच. निवड लेखकाचीच राहते. फक्त कोणी काय पाहिले याचा हिशेब वाचकाला मिळतो. आज तो अधिकच हवा आहे. स्थळांची माहिती आणि छायाचित्रे आता कोणालाही घरबसल्या मिळतात. ज्याला मिळत नाही ते म्हणजे उद्यमनगरच्या माणसाने काशाचा सांधा पाहणे.

म्हणून मित्रांसोबतच्या सहलीवर लिहिणाऱ्यांना आणि ते छापणाऱ्या संपादकांना माझी सूचना साधी आहे. लेख पूर्ण झाला की प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबावे आणि विचारावे : यातल्या कोणी पाहिले? ज्याने पाहिले त्याचे नाव तिथे घालावे. मग हस्तलिखित त्या मित्रांकडे फिरवावे आणि समासात त्यांनी जे लिहून पाठवले त्यातले निदान एक वाक्य, पटले नाही तरी, छापावे.