एका विलायती केरसुणीचे रसग्रहण

पुस्तक न वाचता परीक्षण लिहिणे ही आपल्याकडची एक जुनी आणि सन्माननीय परंपरा आहे. मलपृष्ठ वाचावे, किंमत पाहावी, मुद्रणदोषांबद्दल खंत व्यक्त करावी आणि 'लेखकाकडून अधिक अपेक्षा आहेत' असे म्हणून मोकळे व्हावे. प्रस्तुत परीक्षक या परंपरेतला नाही. ज्या कृतीविषयी मी लिहिणार आहे ती मी अथपासून इतिपर्यंत, म्हणजे वरच्या मुठीपासून खालच्या चाकापर्यंत, स्क्रू काढून पाहिली आहे. पुन्हा जोडताना तीन स्क्रू उरले, पण यंत्र त्यांच्यावाचून चालते. यावरून मूळ कर्त्याने थोडे पाल्हाळ लावले होते, असे नम्रपणे नोंदवतो.

ही कृती म्हणजे एक जुना, उभा व्हॅक्यूम क्लीनर. प्राप्तिस्थान धुळे, एका भंगारवाल्याचे गोदाम. मूल्य रुपये ७००. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करतो आहे. त्यामुळे मूल्याचा प्रश्न आला की मला हिशेबाशिवाय राहवत नाही. आयकराच्या रीतीप्रमाणे यंत्रावर दरसाल १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर, धरला तर १०० रुपयांचे यंत्र पन्नास वर्षांनी ३ पैशांचे राहते. शून्य मात्र कधीच होत नाही. भंगारवाल्यांचा सारा धंदा या न होणाऱ्या शून्यावर उभा आहे.

"साहेबाच्या बंगल्यातलं आहे," भंगारवाला म्हणाला. खानदेशात जुनी तलवार निघाली तर ती शिवकालीन असते आणि जुने यंत्र निघाले तर ते भुसावळच्या इंग्रज रेल्वेसाहेबाचे असते. हा इतिहास फार स्वस्त मिळतो. पण मी उभा होतो धुळ्यात. इतिहासाचार्य राजवाडे ज्या गावात १९२६ साली वारले आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी जिथे उभे राहिले, त्या गावात ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला जीव धजेना. राजवाड्यांनी आयुष्यभर एकच सांगितले : दंतकथा राहू द्या, कागद दाखवा.

तेव्हा कागद शोधणे आले. यंत्राचा कागद म्हणजे त्याच्या अंगावरची पट्टी. आमच्या कृतीची पट्टी पाठीमागे, मळाच्या दोन थरांखाली सापडली. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर अक्षरे उमटली : हूव्हर लिमिटेड, पेरिव्हेल, मिडलसेक्स. मॉडेलचा आकडा झिजलेला. पण व्होल्टचा आकडा शाबूत होता आणि सगळ्यांत आधी तोच वाचायचा असतो. अमेरिकेतली यंत्रे ११० ते १२० व्होल्टची. असे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत खुपसले तर रसग्रहण जागच्या जागी संपते आणि धूर उरतो. आमचे २३० ते २५० चे निघाले, म्हणजे विलायतेचे.

आता काळ. लंडनच्या पश्चिमेचा पेरिव्हेलचा हूव्हर कारखाना १९३३ साली उघडला आणि १९८२ साली बंद झाला. (इमारत इतकी देखणी की ती पाडली नाही. १९९२ पासून तिच्या मागच्या बाजूला किराण्याचे मोठे दुकान चालू झाले.) म्हणजे आमच्या यंत्राचा जन्म या दोन सालांच्या मधला. इंग्रज साहेब १९४७ साली गेला. तेव्हा भंगारवाल्याची कथा शक्य कोटीतली आहे, सिद्ध कोटीतली नाही. पट्टीवर 'ए.सी./डी.सी.' असेही होते. कार्बन ब्रशची ही मोटर दोन्ही प्रवाहांवर चालते. त्या काळी विलायतेत काही ठिकाणी एक पुरवठा तर काही ठिकाणी दुसरा, म्हणून ही सोय. यावरून आमची प्रत उत्तरकालीन नसून मधल्या काळातली असावी, असा माझा कयास आहे. प्लग मात्र मी पुराव्यात धरला नाही. तो आपल्याकडचा गोल तीन पायांचा, नंतर कोणी तरी बसवलेला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, त्यात अशा मजकुराला प्रक्षिप्त म्हणतात. आमचा प्लग प्रक्षिप्त आहे.

धुळ्याहून जळगावला येताना एसटीत कंडक्टरने या कृतीचे पहिले जाहीर परीक्षण केले. "हे काय आहे?" मी म्हटले, "झाडू." त्याने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि लगेजचे तिकीट फाडले. पारोळ्याला चढलेल्या एका आजोबांनी पिशवी चाचपून विचारले, "हाई काय शे भो?" मी पुन्हा तेच उत्तर दिले. त्यांनी पुढे एरंडोलपर्यंत माझ्याकडे पाहिले नाही.

कर्त्याविषयी चार शब्द. धूळ ओढून घेण्याची कल्पना ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरची, साल १९०१. त्याने एक यंत्र पाहिले, ते धूळ फुंकून उडवीत होते. फुंकण्याऐवजी ओढली तर? म्हणून या गृहस्थाने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली आणि रुमाल काळा झालेला पाहून तो समाधानाने खोकला, असे सांगतात. पुढे त्याने केलेले यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि खिडक्यांतून नळ्या आत सोडी. आपल्याकडे नगरपालिकेची टाकी उपसणारी गाडी येते, तसेच थेट. १९०२ च्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्राने साफ केले.

पण गाडी काही माजघरात नेता येत नाही. ते काम केले जेम्स मरे स्पँग्लर याने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी हा एका दुकानाचा झाडूवाला होता. दम्याचा विकार, आणि पोटासाठी रोज धूळ. त्याने पंख्याची मोटर घेतली, एक पेटी, मागे उशीचा अभ्रा बांधला आणि वर झाडूचा दांडा बसवला. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. ते विल्यम हूव्हर यांनी विकत घेतले. हूव्हर यांचा धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा, आणि मोटारी येऊ लागल्यामुळे घोड्यांचे काही खरे नव्हते. पुढे विलायतेत 'हूव्हर' हे क्रियापद झाले, जसे आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत. स्पँग्लर १९१५ साली वारला. झाडणाऱ्याने शोध लावला आणि नाव दुसऱ्याचे झाले. बँकेत याला 'एंडॉर्समेंट' म्हणतात.

आता जीर्णोद्धार. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे देवळाला ऑइल पेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमची टाइल. आमच्या गल्लीच्या टोकाला मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. केळीच्या बागांमुळे जळगावात पाण्याच्या मोटरी भरणारे मिस्त्री मुबलक. मिस्त्रींनी यंत्र उलटे केले, तोंडात बोट घातले आणि विचारले, "साहेब, किती फुटांवरून ओढतं?" मी म्हटले, "जमिनीवरूनच." त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी दोन सूचना केल्या : आत मिक्सरची मोटर टाकू, आणि वरून लाल रंग मारू. मी दोन्ही नाकारल्या. बाहेरचे बॅकेलाइटचे झाकण मऊ फडक्याने पुसले तर आपोआप काळेभोर चमकते. त्यावर रंग चढवणे म्हणजे जुन्या पोथीला लॅमिनेशन करणे.

तरीही काही पाठ दुरुस्त करावेच लागले. कार्बन ब्रश झिजले होते, ते दुसऱ्या मोटरीचे घासून बसवले. मोटरीपासून खालच्या फिरत्या रुळाला जोडणारा रबरी पट्टा वाळून तुटला होता. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबचे कडे कापून चढवले, ते चपखल बसले. कापडी वेष्टणाची वायर आतून पिठासारखी झडत होती, ती पूर्ण बदलली. इथे मूळ संहितेचा आदर राखणे जिवावर बेतते. जुन्या वायरीला दोनच तारा. अंग धातूचे आणि तिसरी तार नाही. कृतीत अर्थ होता, अर्थिंग नव्हते. ते आम्ही घातले. पिशवी फाटली होती, ती शिंप्याकडे नेली. तो म्हणाला, "हा एका पायाचा पायजमा कुणाचा?" पण माणूस जाणता. "मांजरपाटातून धूळ गळेल, ड्रिल घ्या," म्हणाला.

एवढे करून यंत्र सुरू झाले. आवाज असा की शेजारच्यांना वाटले आमच्याकडे गिरणी बसवली. सौभाग्यवतींनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "लक्ष्मीपूजनाला याला हळदकुंकू लावायचं कुठे?" दुसरा माझ्या आईच्या वतीने : "दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते. पण यात तर केर घरातच पिशवीत राहतो. मग चालेल का?" धर्मशास्त्राने अद्याप याचा निर्णय दिलेला नाही.

आता गुणदोष. सतरंजीवर ही कृती अप्रतिम आहे. १९२६ पासून हूव्हरच्या रुळावर ब्रशांबरोबर धातूच्या पट्ट्या आल्या. पंखा सतरंजी किंचित वर उचलतो, पट्ट्या तिला खालून बडवतात, ब्रश झाडतात. आपण सतरंजी गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवतो, तोच विचार, फक्त मिनिटाला शेकडो वेळा. आमच्या सोलापुरी सतरंजीतून जी काळी माती निघाली तिच्यात कपाशी उगवली असती.

पण आमच्या घरात सतरंजी एक आणि फरशी साडेपाचशे चौरस फूट. फरशीला उचलता येत नाही, बडवता येत नाही. शेवभाजीच्या जेवणानंतर सांडलेली शेव या रुळाने पुढे नेली नाही, उडवली. ती थेट देवघरात सापडली. शिवाय इथे केर आधी पंख्यावर आदळतो आणि मग पिशवीत जातो. त्यामुळे खडा किंवा चार आण्यांचे जुने नाणे आले तर पंख्याचा कपाळमोक्ष. हे गालिच्याच्या देशात लिहिलेले काव्य आहे, फरशीच्या देशात त्याचा अनुवाद होत नाही. १९८२ साली, म्हणजे नेमके पेरिव्हेल बंद झाले त्याच साली, आपल्याकडे युरेका फोर्ब्स सुरू झाली. तिने दारोदार विकला तो युरोक्लीन उभा नव्हता. तो जमिनीवर बसणारा, लांब सोंडेचा होता. फरशी, गादी, पंख्याची पाती, सगळीकडे सोंड पोचते. हा अनुवाद जमला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कापडी पिशवी जाड केर धरते, पण अगदी बारीक धूळ विणीतून परत घरात सोडते. ड्रिलनेही ती पूर्ण थांबत नाही. आणि पिशवी झटकताना जो झटकतो तो खोकतोच. दम्याच्या माणसाने शोधलेल्या यंत्रात खोकला फक्त आठवड्यातून एकदा, एकरकमी, मिळतो. आमच्याकडे केरफरशीला येणाऱ्या मावशी आधी वीस वर्षे जिनिंगमध्ये होत्या. कापसाच्या तुसाने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, हे त्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा नीट सांगतात. त्यांना पिशवी झटकू द्यायची नाही, हे मी ठरवले. ते काम माझे, तोंडाला रुमाल बांधून.

मावशींनी यंत्र पाच मिनिटे चालवले आणि बंद केले. "जड आहे," म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण उभ्यानं होतं. वाकावं लागत नाही." साऱ्या परीक्षणात हे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. स्पँग्लरने मोटर, पंखा, पिशवी सगळे नवे आणले. दांडा मात्र झाडूचा जुनाच ठेवला, आणि तो लांब होता. आमची शिंदीची केरसुणी हातभर लांबीची. तिच्यापायी घरोघरच्या बायकांच्या कमरा शतकानुशतके काटकोनात आहेत. गाडगेबाबांचा खराटा सोडला तर आपल्या परंपरेत झाडण्याच्या साधनाकडे पुरुषाने फारसे पाहिलेले नाही. कमरेचा प्रश्न त्याच्या लक्षात यायचा कसा? त्याच संध्याकाळी मावशींनी केरसुणीला चार फुटांचा बांबू बांधून घेतला. खर्च रुपये ४०. हूव्हरचे एवढे एक तत्त्व आमच्या घरात कायमचे उतरले.

आणि यंत्र? त्याने एक चमत्कार केला, तो नोंदवून थांबतो. पहिल्या रविवारी गल्लीतले सात पुरुष ते पाहायला आले. त्यांतल्या एकानेही जन्मात केरसुणीला हात लावलेला नव्हता. सातही जणांनी रांग लावून आमची सतरंजी झाडली. एकाने दोनदा झाडली. दुसऱ्या रविवारी चार आले. तिसऱ्या रविवारी कोणी आले नाही, कारण आता ते काम झाले होते.