बॅकवॉटर आणि बुडीत : नाशिकच्या मोटोव्लॉगबद्दल

जुलैतल्या कुठल्याही रविवारी सकाळी सहाला त्र्यंबक रोडवर, पपया नर्सरीच्या थोडं पुढे उभे राहा. पहिल्या अर्ध्या तासातच कळेल की नाशिक झोपलेलं नाही. रेनकोट, गुडघ्याला गार्ड, टाकीवर मॅग्नेटिक बॅग, आणि दर चौथ्या-पाचव्या हेल्मेटच्या हनुवटीवर एक काळा चौकोनी डोळा. हा डोळा संध्याकाळी घरी जाईल, त्यातलं कार्ड लॅपटॉपला लागेल आणि बुधवारपर्यंत आपल्या फोनवर एक नवा व्हिडिओ येईल. अंजनेरी, पहिणे, वैतरणा, घोटी, भंडारदरा. किंवा वणीवरून सापुतारा. किंवा हरसूलवरून जव्हार.

मी हे व्हिडिओ गेली पाचेक वर्षं नेमाने बघतो. जेवताना बघतो, झोपेआधी बघतो. म्हणून पुढचं सगळं बाहेरून फेकलेला दगड समजू नका. मी स्वतः दोन केले आहेत. दुसऱ्याबद्दल शेवटी सांगतो.

आधी हे मान्य करू की मोटोव्लॉग हा मराठी प्रवासवर्णनाचा आजचा सगळ्यात चालता प्रकार आहे. कोणी त्याला साहित्य म्हणत नाही, म्हणून त्याच्यावर समीक्षाही होत नाही, आणि ते बरोबर नाही. पु. लं.चं ‘अपूर्वाई’ 1960 सालचं. त्या काळी प्रवासवर्णन लिहायचं तर आधी परदेशी जायला मिळायला हवं आणि मग छापणारा हवा. आज सातपूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा पोरगा सेकंडहँड पल्सरवर सुट्टीच्या दिवशी निघतो आणि चाळीस हजार लोक त्याच्या मागच्या सीटवर बसतात. तो ‘मित्रांनो, हितून पुढं रोड लई खराबे’ असं बोलतो. ही नाशकातली, निफाड-सिन्नरकडची बोली इतक्या बिनधास्तपणे छापील मराठीत क्वचितच आली आहे. मुली एकट्या बाइक काढून जातात, हातमोजे काढत कॅमेऱ्याशी बोलतात. हे सगळं फार चांगलं आहे आणि मला त्यातलं काहीच परत द्यायचं नाही.

तक्रार या प्रकाराच्या घडणीबद्दल आहे. एकाचं नाव घेऊन उपयोग नाही, कारण दहा व्हिडिओ बघितले की सांगाडा पाठ होतो. अंधारात स्टार्टर. पेट्रोल पंप. मिसळ, तीही चुलीवरचीच. मग घाट, मग ढग, मग बोलणं थांबतं आणि बासरीचं संगीत सुरू होतं. ड्रोन वर जातो. खाली हिरवे चौकोन, मधून जाणारी काळी रेघ, रेघेवर आपला हिरो मुंगीएवढा. शेवटी धरणाच्या काठावर तंबू, आणि वाक्य ठरलेलं : मित्रांनो, हे आपलं मिनी अमुक. अमुकच्या जागी लडाख, स्वित्झर्लंड, चेरापुंजी, काय हवं ते घाला.

या तुलनांची मला खरी चीड येते. घाटघरला स्वतःचं नाव आहे, साम्रदला आहे, रतनवाडीला आहे. तिथल्या प्रत्येक ओहोळाला, टेपाला, पाड्याला महादेव कोळी आणि ठाकर माणसांनी ठेवलेलं नाव आहे. व्लॉगमध्ये मात्र एकच ‘नेकलेस फॉल’ आणि अनेक ‘हिडन जेम’. ज्या जागी पाड्यावरच्या गुरांना रोज पाण्यावर नेतात ती जागा हिडन कोणापासून? दडलेली ती फक्त नाशिक-मुंबईपासून होती, आणि व्हिडिओ आल्यावर महिनाभरातच तिथे पार्किंगचे वीस रुपये घेणारा पोरगा उभा असतो. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांचं काय झालं ते तर आपण सगळ्यांनीच बघितलं. एकेकाळी त्या चढताना वाऱ्याची भीती वाटायची, आता वरून उतरणाऱ्या गर्दीची वाटते.

पण माझं खरं भांडण एका शब्दाशी आहे. बॅकवॉटर.

वैतरणा बॅकवॉटर, भंडारदरा बॅकवॉटर, दारणा बॅकवॉटर, मुकणे बॅकवॉटर. वीकेंडच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे : गवत, तंबू, शेकोटी, सकाळी धुकं, बाइकच्या आरशात दिसणारा सूर्य. इंग्रजीतून आला, गुळगुळीत झाला, रुळला. याच जागेला मराठीत आधीपासून एक शब्द आहे. बुडीत. ‘आमचं रान बुडीतात गेलं’ हे वाक्य इगतपुरी किंवा अकोले तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलंय कधी? बुडीत म्हणजे जिथे आधी कोणाचं तरी भातखाचर होतं, आंब्याचं झाड होतं, देव होता. बँकेतल्या बुडीत कर्जातला बुडीत तोच. एकाच काठावर उभं राहून एक शब्द पाण्याचा पृष्ठभाग बघतो आणि दुसरा त्याचा तळ.

दारणा धरण 1916 चं, भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 चं. दोन्ही ब्रिटिशांनी खालच्या बाजूच्या कालव्यांसाठी बांधली. गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यातला ऊस त्यावर वाढला. ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची नावं पावसाळ्यात रोज पेपरात टक्क्यांसह येतात, त्यातलं हे एक. म्हणजे मुंबईहून शुक्रवारी रात्री निघालेला रायडर शनिवारी सकाळी ज्या पाण्याकाठी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ चहा पितो ते पाणी त्याच्या घरच्या नळाचंच असू शकतं. ही एवढी मजेची, एवढी टोचणारी गोष्ट एकाही व्हिडिओत का येत नाही? ड्रोन बॅटरीवर तिथवर पोचतो, हा विचार फुकट असूनही पोचत नाही.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. आणि एप्रिल-मेमध्ये इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या पाड्यांवर बायका विहिरीच्या तळाला उतरून वाटीने हंडा भरतात. हे फोटोही आपण पाहिलेत, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या अॅपवर, वेगळ्या मूडमध्ये. मोटोव्लॉगचं वर्ष जूनच्या शेवटी सुरू होतं आणि ऑक्टोबरात सोनकी सुकली की संपतं. त्यानंतर द्राक्षं आणि वाइनचा हंगाम, दिंडोरी रोड, गंगापूर धरणाकाठची वायनरी. मे महिना या प्रकारात नाहीच.

मे नाही म्हणजे काय नाही, तर राब नाही. ड्रोनमधून जे हिरवे चौकोन दिसतात त्यांची सुरुवात उन्हाळ्यात काळ्या चौकोनांनी होते. पालापाचोळा, शेण, फांद्या जमिनीवर पसरून भाजायच्या, त्या राखेत भाताचं, नागलीचं, वरईचं रोप टाकायचं. जुलैत तेच रोप उपटून गुडघाभर चिखलात वाकून लावायचं, त्याला इकडे आवणी म्हणतात. व्लॉगमध्ये आवणी हमखास असते, वरून काढलेली. हिरव्यावर लाल-निळे-पिवळे ठिपके, बासरी चालू. वरून फक्त पाठी दिसतात. तीच पाठ थंडीत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत असू शकते, कारण पेठ-सुरगाणा-हरसूल पट्ट्यातली माणसं आवणी आणि कापणी उरकली की पिकअपमध्ये उभं राहून तिकडे मजुरीला जातात. म्हणजे आपला पावसाळी वीकेंड आणि आपला वाइनवाला वीकेंड एकाच बाईच्या दोन रोजांवर उभा असण्याची शक्यता आहे. रस्ता तोच. फक्त ती उलट दिशेने जाते.

कोणी म्हणेल, अहो, रविवारच्या फेरीवर एवढं ओझं कशाला? आठवडाभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाने थोडं ढगात जाऊ नये का? जावं. मीही जातो. पण बाइकच्या प्रवासाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचा दावा याहून मोठा होता. रॉबर्ट पिर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ 1974 साली आलं. 1968 मध्ये पोराला मागे बसवून होंडावर केलेल्या लांबच्या प्रवासातून ते निघालं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो त्याचा मतलब असा : गाडीच्या काचेतून बघणं टीव्ही बघण्यासारखं असतं, आपण चौकटीबाहेर बसलेले. मोटरसायकलवर चौकट जाते, आपण दृश्याच्या आत येतो. पन्नास वर्षांनी आपण काय केलं, तर ती चौकट परत आणली आणि थेट हनुवटीला चिकटवली.

दुसरं उदाहरण चे गव्हेराच्या डायरीचं. 1952 ची ती सफर, अल्बर्तो ग्रानादोबरोबर, एका म्हाताऱ्या नॉर्टनवर. गंमत अशी की ‘मोटरसायकल डायरीज’ या नावाने गाजलेल्या पुस्तकातली मोटरसायकल चिलीत पोचल्यावर कायमची बंद पडते. पुढचं सगळं ट्रकच्या मागे बसून, पायी, बोटीने. आणि पुस्तकात माणसं भेटायला लागतात ती बहुतेक त्यानंतर. तांब्याच्या खाणीकडे कामाच्या शोधात निघालेलं ते थंडीत कुडकुडणारं जोडपं बाइक चालू असती तर मागेच राहिलं असतं.

आपल्याकडे तर याहून जुना माणूस आहे. वरसईचे गोडसे भटजी 1857 मध्ये उत्तरेला निघाले ते दक्षिणा मिळेल या आशेने, घरची नड होती म्हणून. ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून आलं. त्यात दक्षिणा किती मिळाली, कुठे लुटलं गेलं हे ते लाज न बाळगता सांगतात, म्हणून त्यांच्या झाशीवर आपला विश्वास बसतो. मोटोव्लॉगमध्ये बाइकची ऑन-रोड किंमत असते, हेल्मेटची असते, डिस्काउंट कोड असतो. पण त्या रस्त्यावर आपला पैसा आणि तिथला पैसा समोरासमोर आले असं कधी घडत नाही.

मात्र कॅमेऱ्याने काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याची गोष्ट आठवा. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका. ते दृश्य सगळीकडे फिरलं, सरकार हललं, जानेवारी 2022 मध्ये तिथे लोखंडी पूल झाला, मंत्री आदित्य ठाकरे स्वतः गेले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत, पुरात, तो पूल वाहून गेला. ज्या पावसाचे आपण स्लो मोशन करतो त्याच पावसात. एका दृश्याने पूल आणला हे खरं. पण तो पाऊस किती असतो, नदी किती चढते, हे कळायला त्या काठावर एकापेक्षा जास्त ऋतू थांबावं लागतं, आणि ते फिरणाऱ्या दृश्याला जमत नाही.

आता माझा दुसरा व्हिडिओ. ऑगस्ट 2022. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल. घाट उतरल्यावर मागचा टायर बसला. ट्यूबवाला टायर, जवळ काही नाही. मित्र दुसऱ्या बाइकवर चाक घेऊन हरसूलला गेला आणि मी एका पाड्याच्या तोंडाशी, मागचं चाक नसलेल्या बाइकजवळ, दगडावर बसलो. कॅमेरा बंद करायचं विसरलो. एक मावशी आवणीच्या चिखलातून वर आल्या, पाय धुतले, आणि निवांत माझ्या शेजारी टेकल्या. कुठले, घरी कोण, लग्न झालं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, “दादा, हिला पेट्रोल किती जळलं?”

पेट्रोल तेव्हा लिटरला शंभरच्या वर होतं. जाऊन-येऊन चारशेच्या पुढे हिशोब जात होता. मी म्हणालो, “दोनशे.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. “म्हणजे एक रोज गेला,” असं म्हणाल्या. टोमणा नव्हता, आवाजात हळहळ होती. आपल्याच घरातला कोणी पैसे हरवून आला की वाटते तशी. मग विचारलं, “आन् आलास कशाला?” मी ढगांकडे हात केला. त्यांनी वळून बघितलं, खरंच तिथे काही आहे का ते तपासल्यासारखं.

व्हिडिओ नऊ मिनिटांचा झाला. पंक्चर त्यात चार सेकंद आहे, वर हसणारा इमोजी. ड्रोन मित्राचा होता, त्याने नंतर परतीच्या वाटेवर उडवला. आवणीचा शॉट चांगला आला, त्याच्याखाली सगळ्यात जास्त कॉमेंट आहेत. दगडावरची बेचाळीस मिनिटं मी कापली, कारण तेव्हा मला ती फुकट गेलेली वाटली होती. मूळ फाइल मी पुसलेली नाही. मागच्या आठवड्यात हा लेख लिहिताना परत लावली. कॅमेरा खाली ठेवलेला असल्यामुळे बहुतेक वेळ बाइकचं मडगार्ड आणि गवत दिसतं. वाऱ्याचा आवाज जास्त आहे. मावशींचे फक्त पाय दिसतात, धुतल्यावरही टाचांच्या भेगांत राहिलेला चिखल आहे. माझं ‘दोनशे’ मात्र अगदी स्वच्छ ऐकू येतं.