कुंडलीची कसोटी : एका संख्याशास्त्रीय प्रयोगाच्या रचनेची चिकित्सा

प्रास्ताविक :

फलज्योतिषाच्या सत्यासत्यतेविषयी महाराष्ट्रात जेवढे वाद झाले, तेवढ्या चाचण्या झालेल्या नाहीत. वादाची पद्धत ठरलेली आहे. समर्थक खरी ठरलेली भाकिते सांगतात, विरोधक खोटी ठरलेली भाकिते सांगतात, आणि एकूण किती भाकिते केली गेली होती, हे कोणालाच ठाऊक नसते. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये ‘ज्योतिर्विज्ञान’ हा विषय सुरू करण्याचा निर्णय घेतल्यानंतर हा वाद शिक्षणक्षेत्रात आला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २०२१ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिष विषयाचा एम. ए. अभ्यासक्रम सुरू केला. एखादा विषय शिकवण्यायोग्य आहे किंवा नाही, हे ज्या पुराव्यावर ठरावे तो पुरावा कसा गोळा करावयाचा, हा प्रश्न त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकाच्या दाराशी येऊन ठेपला आहे.

या पार्श्वभूमीवर डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि श्री. प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात केलेली चाचणी महत्त्वाची ठरते. तिचा अहवाल ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाभोलकरांची २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाली आणि नारळीकरांचे २०२५ मध्ये निधन झाले. या दोघांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानांतून व लेखांतून या चाचणीचा निष्कर्ष वारंवार उद्धृत केला जातो. रचनेचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्या रचनेचा विचार केला आहे. फलज्योतिष खरे की खोटे, हा लेखाचा विषय नाही. या चाचणीने कोणता प्रश्न विचारला आणि कोणत्या उत्तराचा भार तिची रचना पेलू शकते, एवढाच तो मर्यादित आहे.

चाचणीचे स्वरूप :

शाळांमधून हुशार म्हणून निवडलेली १०० मुले आणि मतिमंदांच्या (आजच्या परिभाषेत बौद्धिक दिव्यांगांच्या) शाळांमधील १०० मुले, अशा एकूण २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे जमवण्यात आली. पूर्वी स्वतः ज्योतिष जाणणारे व पुढे त्याचे चिकित्सक झालेले घाटपांडे यांनी संगणकाच्या साहाय्याने कुंडल्या तयार केल्या. मुलांची ओळख काढून टाकून कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक देण्यात आले व संकेतांची किल्ली पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात कुंटे यांच्या ताब्यात राहिली. मे २००८ मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना आवाहन करण्यात आले. सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला या २०० मधून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४० कुंडल्या टपालाने पाठवल्या जाणार होत्या. त्याने प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच सांगावयाचे होते. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर होती. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे, म्हणजे ५१ टक्के, बरोबर ठरली.

या मांडणीचे मूळ रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथातील चहाच्या प्रयोगात सापडते. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा एका बाईंचा दावा होता. फिशर यांनी आठ कप सुचवले, चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार असल्याने केवळ अंदाजाने सर्व उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. दावा मान्य केव्हा करावयाचा, हे पहिला घोट घेण्यापूर्वीच ठरलेले असते, हा त्या प्रयोगाचा गाभा. पुण्याच्या चाचणीनेही तेच केले. ‘माझ्या अनुभवात सहसा चुकत नाही’ या विधानाचे ‘४० पैकी किती’ अशा मोजता येणाऱ्या विधानात रूपांतर झाले, आणि तेही उत्तरे हाती येण्यापूर्वी. उत्तर देणाऱ्याला व कुंडल्या वाटणाऱ्याला मूल कोणते हे माहीत नसल्यामुळे चेहरा, आवाज, पालकांचे प्रश्न यांतून मिळणारे संकेत नाहीसे झाले. ज्योतिषाच्या दिवाणखान्यात नेमके हेच संकेत भरपूर उपलब्ध असतात.

यादृच्छिकता कोठे आहे?

येथपर्यंत चाचणीची रचना निर्दोष वाटते. तथापि तिच्यात एक सांधा आहे व तो बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटतो. फिशर यांच्या प्रयोगात कपात आधी काय घालावे हे प्रयोगकर्ता ठरवत होता. पुण्याच्या चाचणीत कोणते मूल कोणत्या वेळी जन्माला यावे हे कोणी ठरवले नव्हते. तसे ठरवणे शक्यही नाही. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या त्या कोणत्या कुंडल्या कोणत्या ज्योतिषाकडे जाव्यात यासाठी. म्हणजे वाटप हा प्रयोग आहे. मुलांचे दोन गट व त्यांच्या जन्मवेळा हा मात्र निरीक्षणात्मक अभ्यास आहे. एकाच चाचणीत या दोन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

निरीक्षणात्मक अभ्यासात दोन गट अभ्यासविषयाखेरीज आणखी कशात भिन्न आहेत, हे पाहावे लागते. कुंडली ही वस्तुतः एक तारीखच असते. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत राशिचक्र पूर्ण करतो, गुरू सुमारे बारा वर्षांत. या दोघांच्या स्थानांवरून किशोरवयीन मुलाचे जन्मवर्ष पंचांग जाणणाऱ्यास सहज काढता येते. दोन गटांची वये सारखी नसतील, तर ग्रहांचे फलित न पाहताही केवळ वयावरून गट ओळखण्याचा मार्ग खुला राहतो. सूर्याची रास जन्ममहिना सांगते. शाळाप्रवेशासाठी वयाची ठरावीक तारीख असते. त्यामुळे एकाच वर्गात काही मुले इतरांपेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठी असतात आणि वरच्या क्रमांकात या मोठ्या मुलांचे प्रमाण जास्त असते, असे अनेक देशांतील शैक्षणिक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे ‘हुशार’ गटात विशिष्ट महिन्यांत जन्मलेली मुले अधिक असण्याचे कारण आकाशात शोधण्याची गरज नाही. ते शाळेच्या प्रवेशनोंदणीत सापडते.

अशा अभ्यासातील धोक्याचे उदाहरण फ्रान्समध्ये मिळते. मिशेल गोक्लँ यांनी १९५५ पासून नामांकित व्यक्तींच्या जन्मनोंदी तपासून नावाजलेले खेळाडू व मंगळाचे स्थान यांत संबंध असल्याचा दावा केला. त्यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला, तो मुख्यतः निवड व तुलना यांविषयीचा होता : कोणास नामांकित म्हणावयाचे, आणि सर्वसाधारण जन्मांत मंगळ त्या स्थानी किती वेळा असतो? पालकांनी नोंदवलेली जन्मवेळच शुभाशुभाच्या कल्पनेने थोडी पुढेमागे झाली असावी, अशीही शंका जेफ्री डीन यांनी मांडली. मराठी घरांतील जन्मवेळेच्या नोंदीबाबत ही शंका परकी वाटण्याचे कारण नाही.

मग पुण्याची चाचणी सदोष म्हणावी काय? तसे म्हणणे घाईचे होईल. वय, महिना, पालकांची नोंद यांसारखे घटक गटांत भेद निर्माण करीत असतील, तर कुंडलीत अधिकची माहिती शिरते आणि ती जाणून वापरणाऱ्याचे यश वाढते. एवढी वाट उघडी असूनही यश मिळाले नसेल, तर अपयशाचा निष्कर्ष दुबळा होत नाही. उलट ज्योतिषांनी ६५ टक्के उत्तरे बरोबर दिली असती, तर त्या यशाचे श्रेय ग्रहांना द्यावे की जन्मवर्षाला, हे या रचनेवरून सांगता आले नसते. चाचणीची रचना अशी एकतर्फी आहे : तिचा नकार भक्कम आहे, तिचा होकार कच्चा ठरला असता. नकारच हाती आल्यामुळे हा कच्चेपणा झाकला गेला. रचनेची परीक्षा मात्र हाती आलेल्या उत्तराबरोबरच, येऊ शकले असते त्या उत्तरावरूनही करावी लागते.

आकड्यांचे वाचन :

चाचणीच्या समर्थकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक ४६ या आकड्याविषयी आहे. ‘ज्योतिषी नाणेफेकीपेक्षाही वाईट ठरले’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते, परंतु ते संख्याशास्त्राला धरून नाही. २७ ज्योतिषांचे प्रत्येकी ४० म्हणजे एकूण १०८० निवाडे झाले. हे निवाडे परस्परांपासून स्वतंत्र असते, तर ५४० ऐवजी सुमारे ४९७ बरोबर येणे ही प्रमाण विचलनाच्या अडीचपटीहून अधिक तफावत झाली असती आणि तिला अर्थ द्यावा लागला असता. म्हणजे उलट्या दिशेने का होईना, कुंडलीत काहीतरी आहे, असे म्हणण्याची पाळी चिकित्सकांवरच आली असती! प्रत्यक्षात हे निवाडे स्वतंत्र नाहीत. कुंडल्या २०० च होत्या. प्रत्येक कुंडली सरासरी पाच ज्योतिषांनी पाहिली. हे ज्योतिषी थोड्याफार फरकाने एकाच परंपरेतील नियम वापरतात. नियम फसला तर तो पाचही जणांच्या हातून फसतो. त्यामुळे माहितीचा खरा आकार १०८० पेक्षा २०० ला अधिक जवळचा आहे, आणि त्या मापाने ४६ व ५० यांतील अंतर दखल घेण्याजोगे राहत नाही.

दुसरी बाब व्यक्तिगत कसोटीची. एक टक्क्याच्या सार्थकता पातळीवर ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर यावी लागतात. नाणे फेकून तेवढी येण्याची शक्यता १००० मध्ये सुमारे ८ आहे. परंतु २७ जण सहभागी असताना त्यांपैकी एखादा तरी केवळ नशिबाने २८ गाठेल, याची शक्यता सुमारे २० टक्के होते. तसे घडले असते तर त्या एकाच ज्योतिषाचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले असते आणि उरलेल्या २६ जणांचा कोणी उल्लेख केला नसता. याउलट, एखाद्याला खरोखरच ६० टक्के कुंडल्या ओळखता येत असतील, तर ४० कुंडल्यांच्या कसोटीत तो २८ पर्यंत पोहोचण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. म्हणजे मध्यम प्रतीचे ज्ञान असणाऱ्याला ही कसोटी बहुधा नापासच करते. कसोटीच्या या सामर्थ्याचा विचार आपल्याकडील संशोधनप्रकल्पांत अभावानेच होतो. नमुना ३० चा, ५० चा किंवा १०० चा असतो, त्याचे कारण विचारले तर मागील प्रबंधाकडे बोट दाखवले जाते.

या दृष्टीने चाचणीतील सर्वांत मोलाचे उत्तर त्या संस्थेचे आहे. २०० पैकी १०२ या निकालावरून खऱ्या यशाचे प्रमाण ९५ टक्के विश्वासाने ४४ ते ५८ च्या दरम्यान बसते. ज्योतिषाला ५५ टक्के यश मिळू शकते, असा दावा कोणी केला तर ही चाचणी त्याला खोटे ठरवू शकत नाही. पण असा दावा कोणी करीतच नाही. विवाह, शिक्षण, शस्त्रक्रियेचा दिवस यांविषयी सल्ला देणाऱ्याचा दावा शंभरात पंचावन्नचा नसतो, आणि जो दावा केला जातो त्याला ही चाचणी निश्चितपणे नाकारते. शॉन कार्लसन यांची ‘नेचर’मध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेली द्विअंध चाचणीही याच कारणाने परिणामकारक ठरली होती. तीन व्यक्तिमत्त्व-आलेखांतून कुंडलीशी जुळणारा एक निवडावयाचा होता. निम्मे बरोबर येतील असे ज्योतिषांनी आधी सांगितले होते, आणि आले ते अंदाजाने यावेत तसे एकतृतीयांश. ज्याची परीक्षा घ्यावयाची तो दावा दावेदाराच्या तोंडून आधी वदवून घेणे, ही रचनेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे.

उरतात ते कुंडल्या मागवूनही उत्तर न पाठवणारे २४ जण. सामान्य सर्वेक्षणात एवढी गळती निष्कर्ष मोडून टाकते. येथेही ‘जाणकार बाजूलाच राहिले’ असा आक्षेप घेता येतो आणि तो तत्त्वतः खोडता येत नाही. मात्र उत्तर देणाऱ्यांना आपली उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे माहीत नव्हते. गुण पाहून कोणी माघार घेतलेली नाही. म्हणून गळतीमुळे निष्कर्षाची व्याप्ती आकुंचित होते. तो सर्व ज्योतिषांविषयीचा न राहता या २७ जणांविषयीचा व एका संस्थेविषयीचा राहतो. या चाचणीच्या आधारे ‘फलज्योतिष कायमचे निकालात निघाले’ असे लिहिणाऱ्यांनी हे आकुंचन मान्य करावयास हवे.

निरीक्षणात्मक अभ्यास कमी दर्जाचा असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. यादृच्छिकीकरणाचा आग्रह धरणाऱ्या फिशर यांनीच १९५० च्या दशकात धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध कार्यकारणाचा मानण्यास विरोध केला. माणसांना चिठ्ठ्या टाकून धूम्रपान करावयास लावणे शक्य नव्हते आणि संबंधाचे मूळ आनुवंशिकतेत असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. डॉल व हिल यांच्या निरीक्षणात्मक अभ्यासांपुढे ते टिकले नाही, कारण तेथे पर्यायी कारणे एकेक करून तपासली गेली होती.

पुण्याची चाचणी पुन्हा करावयाची झाल्यास हीच वाट उपयोगी पडेल. दोन स्वतंत्र गट निवडण्याऐवजी जोड्या निवडाव्या लागतील : एकाच तालुक्यात, एकाच आठवड्यात जन्मलेली दोन मुले, एक या गटातील व एक त्या गटातील, जन्मवेळ पालकांच्या आठवणीतून न घेता रुग्णालयाच्या नोंदवहीतून घेतलेली. मग दोन्ही कुंडल्यांतील शनी, गुरू व सूर्य जवळपास सारखेच राहतील आणि भेद उरेल तो मुख्यतः लग्नाचा व चंद्राचा. तेवढ्यावरून जोडीतील कोणते मूल कोणत्या गटातील, हे सांगता येईल काय, एवढे एकच विचारावे. अशा २०० जोड्या जमवणे एका विभागाच्या आवाक्यातले नाही. पाच-सहा महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र विभागांनी तालुके वाटून घेतले तर दोन शैक्षणिक वर्षांत ते होण्यासारखे आहे. पालकांची लेखी संमती त्यापूर्वी घ्यावी लागेल, आणि कामाचा सर्वाधिक वेळ बहुधा त्यातच जाईल.