ताठ कणा आणि वाकता कणा

२०१९च्या महापुराचे पाणी नृसिंहवाडीतून ओसरले, तेव्हा जो तो मला कुसुमाग्रजांची ‘कणा’ ऐकवी. पुराने घर धुऊन नेलेल्या माणसाची ही कविता ताठपणाची म्हणून वाचली जाते. मला ते पटत नाही. खरा कणा वाकतो. मणक्यांमधली गादी दाबली जाते, आणि जितकी दाबाल तितका तिचा विरोध वाढतो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी गादीच्या जागी पोलादी गोळी बसवली; अनेक रुग्णांत ती हाडातच रुतली. पुढे बर्लिनमध्ये शेलनॅक आणि ब्युटनर-यान्झ (या बाई जिम्नॅस्टिक्समधल्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या!) यांनी ‘शारिटे’ ही कृत्रिम गादी घडवली, १९८४मध्ये ती प्रथम रुग्णात बसवली गेली. धातूच्या दोन तबकड्या, मध्ये पॉलिइथिलीनचा सरकता गाभा. हालचाल साधली, दाब सोसून पुन्हा फुगणे राहून गेले. आपल्या वाचनाचेही तसेच. कण्याचे उभे राहणे तेवढे उचलतो, झुकणे सोडून देतो. वाडीत तरी असे वाचू नये. इथल्या देवळात पूर अडवत नाहीत. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते. कवितेतला माणूस मोडलेला नाही हे खरे, पण तो भर पावसात सरांच्या दारी आला आहे, धीर मागायला.