गोठलेले इलेक्ट्रॉन : उपमा कितपत टिकते?

'थंडीने पाणी गोठते, तसे इलेक्ट्रॉनही गोठतात,' अशी विग्नर स्फटिकाची ओळख करून दिली जाते. उपमा सोपी आहे, पण फसवी. बर्फातील रेणू परस्परांच्या आकर्षणाने बांधलेले असतात. इलेक्ट्रॉन मात्र एकमेकांना दूर लोटतात. प्रत्येकालाच शेजाऱ्यापासून लांब राहायचे असल्याने त्यांची त्रिकोणी जाळी बनते. युजीन विग्नर यांनी अशा स्फटिकाचे भाकीत १९३४ साली केले.

थंडी एकटी पुरत नाही. पुंजभौतिकीनुसार निरपेक्ष शून्यालाही इलेक्ट्रॉनची हालचाल थांबत नाही. सपाट थराला लंब असे प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले, की ती छोट्या वर्तुळांत कोंडली जाते. १० टेस्लाला त्यांची त्रिज्या सुमारे ८ नॅनोमीटर असते. इलेक्ट्रॉनांतील अंतर याहून बरेच जास्त असेल, तर अपकर्षणाची सरशी होते.

दुसरा दोष पुराव्याचा. १९९०च्या सुमारास अशा थरांत वीजप्रवाह अडल्याचे दिसले आणि त्यात स्फटिकाची खूण पाहिली गेली. परंतु अशुद्धींमुळे इलेक्ट्रॉन सुटेसुटे अडकले तरी प्रवाह अडतोच! प्रिन्स्टनच्या गटाने द्विस्तरी ग्राफीनमधील जाळीचे थेट चित्र मिळवले ते २०२४ साली.

मग वर्गात काय दाखवावे? आल्फ्रेड मेयर यांचा १८७८चा प्रयोग मुलचेऱ्याच्या शाळेतही घमेलेभर पाण्यात होईल. बुचांत टोचलेल्या चुंबकित सुया सारखे ध्रुव वर करून तरंगत सोडा. वरून विरुद्ध ध्रुव धरा. तीन सुया त्रिकोण करतात. मात्र यात पुंजहालचाल नाही, हेही सांगावे. उपमा कोठे थांबते, ते कळणे हाही विज्ञानाचाच धडा आहे.