पूरसूचनेतला अपुरा आकडा
धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते सांगायचे आणि नदीकाठच्यांना 'सतर्क राहा' म्हणायचे, ही पूरसूचनेची ठराविक पद्धत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणमध्ये ऑगस्ट 2006 मध्ये गोदावरीचे पाणी शिरले, तेव्हा जायकवाडीचा विसर्ग सुमारे 2.5 लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला 70 लाख लिटर होता. पण पाणी आपल्या उंबऱ्याला लागेल का, हे या आकड्यावरून कळत नाही. पातळी पात्राची रुंदी, उतार आणि अडथळे यांवरही ठरते. सूचनेतली ही उणीव आम्हांला गंभीर वाटते. शिक्षकांनी गावातील जुन्या पुरांच्या खुणा शोधून शेजारी त्या वेळचा विसर्ग लिहून घ्यावा. मग आकडा ऐकताच कोणत्या वस्तीने आधी निघायचे, याचा अंदाज विद्यार्थ्यांनाही बांधता येईल.