धावणाऱ्याची गोष्ट कशी सांगावी?

भालकीत मंदिरातून निघताना ओळखीच्या एक बाई नातीविषयी सांगत होत्या. पोर चार वर्षांची, टाच टेकत नाही, उजवा हात आखडलेला. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलंय. "कर्म म्हणायचं ओ, दुसरं काय. सुनेचंच असंल," म्हणत त्यांनी चपला घातल्या. मी गप्प बसले. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे लिहिते.

आयर्लंडचा मायकेल मॅकिलॉप. जन्म १९९०चा. त्यालाही सेरेब्रल पाल्सी, तीही उजव्या बाजूला. २००८ला बीजिंगच्या पॅरालिम्पिकमध्ये अठराव्या वर्षी त्यानं ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं. २०१२ला लंडनमध्ये ८०० आणि १५०० मीटर, दोन्हींचं. तिथं ८०० मीटर त्यानं १ मिनिट ५७.२२ सेकंदांत संपवले. २०१६ला रिओत पुन्हा १५०० मीटर. चार सुवर्णपदकं झाली.

अशी गोष्ट आपल्याकडे एकाच सुरात सांगतात: जिद्द, चमत्कार, अपंगत्वावर मात. माझा आक्षेप याच सुराला आहे. मॅकिलॉपनं कशावरही मात केलेली नाही. मेंदूला जन्माच्या आसपास झालेली ती इजा आजही तशीच आहे. ती वाढत नाही, जातही नाही. तो तिच्यासकट धावला. प्रशिक्षक होते त्याचे वडील. लंडनला १५०० मीटरचं पदक त्याच्या गळ्यात घातलं आईनं. आपण सांगताना फक्त आईचे डोळे सांगू. बापानं वर्षानुवर्षं मैदानावर घालवलेला वेळ कोण सांगणार?

शेवटही बघा. टोकियोत त्याच्या टी-३७ वर्गाला १५०० मीटरची वेगळी शर्यतच उरली नाही. कमी बाधा असलेल्या टी-३८ वर्गात उतरावं लागलं. तो आठवा आला आणि थांबला. जिद्द आटली का? नाही. नियम बदलला. चमत्काराच्या गोष्टीत नियमाला जागाच नसते, म्हणून ती गोष्ट अपुरी.

बायकांचं तर याहून कठीण. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या, स्वतःच्या पायांवर धावणाऱ्या बायकांना ४०० मीटरच्या पुढची शर्यतच नव्हती. आपली प्रीती पाल टी-३५ वर्गातली, मुझफ्फरनगरकडच्या शेतकरी घरातली. तिनं १०० मीटर १४.२१ सेकंदांत आणि २०० मीटर ३०.०१ सेकंदांत धावून दोन कांस्यपदकं आणली. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताला मिळालेली ती पहिलीच पदकं. तिला १५०० मीटर धावायचं असतं, तर?

आता त्या बाईंकडे येते. आपण जैन, कर्म मानतो. पण आपल्या शास्त्रात कर्माच्या जोडीला पुरुषार्थही आहे. तो सोयीनं विसरून सगळा हिशेब सुनेच्या खात्यावर टाकायचा, हे कर्मसिद्धांताचं वाचन नव्हे, घरातल्या पुरुषांची सुटका आहे.

मॅकिलॉपची गोष्ट सांगायची तर अशी सांगा: त्याला वेळ देणारा बाप होता, पळायला मैदान होतं, उतरायला शर्यत होती. त्या पोरीला पदक नको. रोजचा व्यायाम हवा, आणि तिला घेऊन जायला आईखेरीज आणखी एक माणूस हवा.

पुढच्या वेळी मी एवढंच विचारणार आहे: "व्यायामाला कोण नेतंय ओ तिला? तिचे पप्पा जातात का?"